स्कॉटिश व नेपाळी स्थलांतरित : ऑस्ट्रेलियातील आर्थिक तुलना

ऑस्ट्रेलियात येऊन राहिलेल्या स्कॉटिश आणि नेपाळी लोकांचे उत्पन्न, रोजगार, व्यवसाय, घरमालकी व बचत यांचा तुलनात्मक अभ्यास. दोन्ही समाजांची संख्या २०२१ मध्ये जवळपास सारखी होती. त्या वर्षीच्या जनगणनेत नेपाळमध्ये जन्मलेले सुमारे १ लाख २२ हजार, तर स्कॉटलंडमध्ये जन्मलेले सुमारे १ लाख १८ हजार रहिवासी नोंदले गेले. संख्या सारखी असली तरी बाकी जवळजवळ काहीच सारखे नाही. त्यामुळे या दोन समाजांचे सरासरी आकडे शेजारी मांडून काढलेले निष्कर्ष बहुधा चुकतात. त्या आकड्यांत समाजाच्या कर्तबगारीपेक्षा वय, आगमनाचे वर्ष आणि व्हिसाचा प्रकार यांचाच प्रभाव जास्त असतो.

दोन वेगळ्या वाटा

स्कॉटिश लोक ऑस्ट्रेलियात ब्रिटिश वसाहतीच्या आरंभापासून आहेत. ते सगळे सुखवस्तू म्हणून आले, हा समज खोटा आहे. १८५२ ते १८५७ या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागातील व बेटांवरील उपासमारीने गांजलेल्या सुमारे पाच हजार लोकांना एका स्थलांतर संस्थेने जहाजाने ऑस्ट्रेलियात पाठवले. १९०८ मध्ये पंतप्रधान झालेले अँड्र्यू फिशर हे स्कॉटलंडमधील एअरशरच्या कोळसा खाणीत लहानपणापासून राबलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सवलतीच्या प्रवास योजनेत ब्रिटिश नागरिकाला अवघ्या दहा पौंडांत येता येई. मुलांचे भाडे नव्हते. दोन वर्षांच्या आत परतल्यास मात्र प्रवासखर्च भरून द्यावा लागे. ही योजना १९८२ पर्यंत चालली. आज मोजले जाणारे अनेक स्कॉटिशजन्मे या योजनेतून आले आहेत. कित्येक जण तर आईवडिलांचे बोट धरून आले आणि त्यांची शाळाही ऑस्ट्रेलियातच झाली.

त्याच काळात आशियाई माणसाला हे दार बंद होते. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने सुरू झालेले ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण १९७३ मध्ये पूर्णपणे मोडीत निघाले. नेपाळी स्थलांतर खऱ्या अर्थाने वाढले ते २००६ नंतर. २००६ मध्ये नेपाळजन्मे पाच हजारांच्या आत होते. २०११ मध्ये ते सुमारे २५ हजार, २०१६ मध्ये ५५ हजार आणि २०२१ मध्ये सव्वा लाखाच्या घरात पोचले. यातले बहुसंख्य विद्यार्थी म्हणून आले. काठमांडूत पुतलीसडक परिसरातील कन्सल्टन्सीमधून कॉलेजचा प्रवेश घ्यायचा, नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र मिळवायचे, बँकेतील शिल्लक दाखवायची आणि सिडनी गाठायची, ही आता रुळलेली वाट आहे. निम्म्याहून अधिक नेपाळी न्यू साऊथ वेल्समध्ये आहेत. सिडनीतील रॉकडेल, हर्स्टव्हिल, ऑबर्न ही त्यांची ठळक ठिकाणे.

कोणाला मोजायचे

तुलना बिघडण्याची सुरुवात येथेच होते. ऑस्ट्रेलियन जनगणनेत ‘जन्मदेश’ आणि ‘वंश’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. २०२१ मध्ये आपला वंश स्कॉटिश सांगणारे सुमारे २१.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते. यातले बहुतेक चार-पाच पिढ्यांचे ऑस्ट्रेलियन आहेत. वंशाच्या प्रश्नाला दोन उत्तरे देता येत असल्याने एकच माणूस स्कॉटिश आणि आयरिश अशा दोन्ही रकान्यांत मोजला जातो. ‘स्कॉटिश वंश’ आणि ‘नेपाळी वंश’ यांची तुलना केली तर एका बाजूला खापरपणजोबा स्थलांतरित असलेले आणि दुसऱ्या बाजूला कालपरवा विमानातून उतरलेले येतात. म्हणून जन्मदेश हाच रकाना धरावा. देशांच्या प्रमाणित वर्गीकरणात स्कॉटलंडचा संकेतांक २१०५ व नेपाळचा ७१०५ आहे.

व्हिसाच्या आकडेवारीत आणखी एक अडचण येते. तेथे ‘युनायटेड किंगडम’ एकत्र मोजले जाते, स्कॉटलंड वेगळे निघत नाही. जनगणनेतील स्कॉटिश लोकसंख्येला इंग्लिश लोकांसकट असलेले व्हिसाचे प्रमाण लावणे ही नेहमीची चूक आहे.

नेपाळच्या बाजूने सहज नजरेआड होणारा गट म्हणजे भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा निर्वासित. पूर्व नेपाळच्या झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत त्यांनी दोन दशके काढली आणि २००८ पासून हजारोंच्या संख्येने ते ऑस्ट्रेलियात वसवले गेले. छावणीत जन्मलेली त्यांची मुले जनगणनेत ‘नेपाळजन्मी’ ठरतात, तर त्यांचे आईवडील ‘भूतानजन्मे’. फी भरून मास्टर्स करायला आलेला तरुण आणि निर्वासित व्हिसावर आलेली मुलगी यांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. हे निर्वासित वसलेल्या, टास्मानियातील लॉन्सेस्टनसारख्या ठिकाणचे आकडे वाचताना हे विशेष सांभाळावे लागते.

वयाचा घोळ

स्कॉटिशजन्म्यांचे मध्यक वय (निम्मे लोक ज्याहून लहान व निम्मे मोठे असतात ते वय) साठीच्या आसपास आहे, नेपाळजन्म्यांचे तिशीच्या आसपास. सगळ्या ऑस्ट्रेलियाचे २०२१ मधील मध्यक वय ३८ होते. म्हणजे एका समाजातील फार मोठा भाग निवृत्त आणि दुसऱ्यात निवृत्त जवळजवळ कोणीच नाही. याचा परिणाम किती मोठा होतो, हे कल्पित आकड्यांनी पाहू.

समजा, ‘अ’ समाजात २५ ते ६४ वयाचे ५५ टक्के लोक आहेत व त्यांतले ८० टक्के नोकरीत आहेत. उरलेले ४५ टक्के ६५ वर्षांवरील असून त्यांतले १० टक्के काम करतात. एकूण रोजगारप्रमाण झाले ४४ अधिक ४.५, म्हणजे ४८.५ टक्के. ‘ब’ समाजात ९८ टक्के लोक २५ ते ६४ वयाचे व त्यांतले ७८ टक्के नोकरीत. उरलेल्या २ टक्क्यांतले ५ टक्के काम करतात. एकूण प्रमाण सुमारे ७६.५ टक्के. वरवर पाहता ‘ब’ समाज २८ टक्के-अंकांनी पुढे आहे. पण प्रत्येक वयोगटात ‘अ’च पुढे आहे. दोघांनाही एकच वयरचना लावली, समजा ७५ टक्के तरुण व २५ टक्के वृद्ध, तर ‘अ’चे प्रमाण ६२.५ आणि ‘ब’चे ५९.७५ येते. यालाच वयप्रमाणीकरण म्हणतात. ते न करता छापलेला या दोन समाजांचा कोणताही रोजगाराचा आकडा दिशाभूल करणारा असतो, मग तो कोणाच्याही बाजूने झुकलेला असो.

वयोगट शक्यतो पाच-पाच वर्षांचे ठेवावेत. ‘२५ ते ६४’ असा एकच मोठा गट घेतला तर त्यातही नेपाळी २५ ते ३५ कडे आणि स्कॉटिश ५० ते ६४ कडे झुकलेले असतात, आणि घोळ कायम राहतो.

उत्पन्नाचे आकडे कसे वाचावेत

जनगणना माणसाचे साप्ताहिक उत्पन्न टप्प्यांत विचारते. ते करापूर्वीचे असते आणि त्यात पगाराबरोबर पेन्शन व भत्तेही येतात. २०२१ मध्ये १५ वर्षांवरील सर्वांचे मध्यक उत्पन्न आठवड्याला ८०५ डॉलर होते. स्कॉटिश पेन्शनधारकाचा आकडा कमी दिसतो तो निवृत्तीमुळे. त्याचे घर बहुधा कर्जमुक्त असते. नेपाळी विद्यार्थ्याचा आकडा कमी दिसतो त्याचे कारण कायद्यात आहे.

हे कारण नीट पाहण्याजोगे आहे. जनगणना झाली तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४० तासच काम करता येई. काही क्षेत्रांना तात्पुरती सवलत होती. तेव्हाचे राष्ट्रीय किमान वेतन ताशी २०.३३ डॉलर. आठवड्याला २० तास धरले तर सुमारे ४०७ डॉलर. कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नसलेल्या कामगाराला मिळणारी २५ टक्के वाढ धरली तरी सुमारे ५०८ डॉलर. म्हणजे किमान वेतनावर नियमाने वागणारा विद्यार्थी राष्ट्रीय मध्यकाच्या जवळपासही पोचू शकत नव्हता. १ जुलै २०२३ पासून मर्यादा ४८ तास झाली. रेस्टॉरंट व साफसफाईच्या कामात याहूनही कमी, रोखीने पैसे देण्याचे प्रकार घडतात, आणि व्हिसा जाईल या भीतीने विद्यार्थी तक्रार करत नाहीत. हा अन्याय उत्पन्नाच्या रकान्यात फक्त ‘कमी कमाई’ म्हणून उमटतो.

२०२१ चे वर्षही अपवादात्मक होते. सीमा बंद होत्या, सिडनीत लॉकडाऊन होते. आदल्या वर्षी सुरू झालेल्या जॉबकीपर या वेतन-अनुदानातून तात्पुरत्या व्हिसावरील विद्यार्थ्यांना वगळले होते. त्यामुळे २०१६ चे आकडे सोबत ठेवल्याशिवाय २०२१ चे वाचू नयेत.

कौटुंबिक उत्पन्न वापरले तर चूक उलट्या दिशेने होते. लहानमोठ्या कुटुंबांचे उत्पन्न तुलनेस आणण्याच्या प्रचलित सूत्रात घरातील पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ व १५ वर्षांखालील मुलाला ०.३ वजन देतात आणि एकूण उत्पन्नाला त्या बेरजेने भागतात. एका फ्लॅटमध्ये राहणारे चार विद्यार्थी, प्रत्येकी ७०० डॉलर कमावणारे, २,८०० भागिले २.५ या हिशेबाने १,१२० डॉलरवाले ठरतात. प्रत्यक्षात भाडे आणि किराणा सोडला तर त्यांचे काहीच सामाईक नसते. फी ज्याची त्याला भरायची असते. अशी शेअर हाउस तुलनेतून वेगळी काढलेली बरी.

पदवी आणि काम यांतली दरी

वय व आगमनकाळ सारखा केल्यावरही जी तफावत उरते, तीच अभ्यासाचा खरा विषय आहे, आणि तिचा मोठा भाग पात्रतेच्या मान्यतेत सापडतो. ब्रिटनमध्ये शिकलेला डॉक्टर ‘सक्षम प्राधिकरण’ मार्गाने, ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची परीक्षा न देता, देखरेखीखाली काम सुरू करू शकतो. नेपाळमध्ये एमबीबीएस झालेल्याला बहुधा त्या कौन्सिलची आधी बहुपर्यायी व मग क्लिनिकल परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमधील अनुभवी नर्सेससाठी २०२५ पासून जलद नोंदणी आहे. नेपाळमधील नर्सला सामान्यतः लेखी परीक्षा आणि ऑस्ट्रेलियातील प्रात्यक्षिक परीक्षा या पायऱ्या चढाव्या लागतात. यात दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि तोवर तीच नर्स वृद्धसेवा केंद्रात केअरर म्हणून काम करते.

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेतील व्यवसाय वर्गीकरणात कौशल्याचे पाच स्तर आहेत. नोंदणीकृत नर्स व अकाउंटंट पहिल्या स्तरात, शेफ दुसऱ्यात, केअरर चौथ्यात, सफाई कामगार पाचव्यात. पदवीधर माणूस चौथ्या-पाचव्या स्तरात काम करत असेल तर त्याला ‘पात्रतेपेक्षा खालच्या कामात’ धरतात. नेपाळींमध्ये हे प्रमाण फुगलेले दिसते, पण त्यात मास्टर्स शिकत असताना रात्री ऑफिसे झाडणारे पदवीधरही असतात. विद्यार्थी वगळून, येऊन किमान पाच वर्षे झालेल्यांचेच प्रमाण काढावे. त्यानंतरही पदवीधर केअरर दिसत असतील तर तो समाजाचा दोष नसून वाया जाणारे कौशल्य आहे.

कायम वास्तव्याच्या गुणपद्धतीत तरुण नेपाळींना वयाचा फायदा मिळतो. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ४० ते ४४ ला फक्त १५ आणि ४५ नंतर अर्जच नाही. इंग्रजीत उच्च श्रेणी मिळवली तर २० गुण. स्कॉटिश अर्जदाराचा ब्रिटिश पासपोर्ट किमान इंग्रजीची अट पूर्ण करतो, पण हे २० गुण हवे असतील तर त्यालाही परीक्षेला बसावेच लागते. शिवाय ब्रिटिश तरुणाला ३५ वर्षांपर्यंत वर्किंग हॉलिडे व्हिसावर येऊन आधी मालकाशी ओळख करून घेता येते. नेपाळी तरुणाला ती सोय नाही. त्याला फी भरून शिकत शिकतच आत यावे लागते. पुणे-मुंबईहून जाणारे अनेक मराठी विद्यार्थी याच स्टुडंट व्हिसा, पदवीनंतरचा तात्पुरता व्हिसा आणि गुणपद्धती या साखळीतून जातात. म्हणून नेपाळी आकड्यांचे हे वाचन त्यांनाही लागू पडते.

संपत्ती

उत्पन्न सारखे झाले तरी संपत्ती सारखी होत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात घर घेतलेल्या स्कॉटिश कुटुंबाला जमिनीच्या वाढत्या किमतीने श्रीमंत केले. नेपाळी कुटुंब त्याच शहरात आजच्या भावाने घर शोधते. एप्रिल २०२५ पासून मार्च २०२७ अखेरपर्यंत तात्पुरत्या व्हिसाधारकांना जुनी घरे घेण्यास बहुतांशी बंदी आहे. मालकाने भरलेला निवृत्तीनिधी, जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के, तात्पुरता रहिवासी देश सोडताना काढू शकतो. पण त्यावर साधारण ३५ टक्के कर कापला जातो. शिवाय नेपाळच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम परदेशातून येते, आणि सिडनीतून घरी धाडलेला पैसा जनगणनेच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. काठमांडूत बांधलेले घरही दिसत नाही.

स्कॉटिश वृद्धांचीही एक रास्त तक्रार आहे. ब्रिटनची सरकारी पेन्शन ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना सुरुवातीच्याच आकड्यावर गोठवलेली मिळते, दरवर्षीची वाढ लागू होत नाही. उतारवयात आलेल्यांना ऑस्ट्रेलियन वृद्धापकाळ पेन्शनसाठी ६७ वय व साधारणपणे १० वर्षांचे वास्तव्य लागते.

साधने

जनगणनेत व्हिसाचा प्रकार विचारला जात नाही. त्यासाठी सांख्यिकी कार्यालयाने जनगणना आणि कायम स्थलांतरितांच्या नोंदी जोडून केलेला संच वापरावा लागतो. तो १ जानेवारी २००० नंतर आलेल्यांपुरताच असल्याने दहा पौंडवाले स्कॉटिश त्यात नसतात. प्रत्यक्षात ही उणीव सोयीची ठरते, कारण २००० नंतर कुशल व्हिसावर आलेले ३० ते ४४ वयाचे स्कॉटिश आणि नेपाळी ही या विषयातील सर्वांत न्याय्य जोडी आहे. २००१ पासून चालणारे हिल्डा हे मोठे कौटुंबिक सर्वेक्षण संपत्तीसाठी उत्तम आहे, पण त्यातले नेपाळी इतके थोडे की त्यांच्याविषयी वेगळे काही सांगता येत नाही. जनगणनेचे तक्ते काढण्याच्या टेबलबिल्डर या ऑनलाइन साधनात गोपनीयतेसाठी छोट्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केलेला असतो. वय, लिंग, आगमनवर्ष, व्यवसाय असे चार निकष एकदम लावले की रकान्यात दहा-वीस माणसे उरतात आणि टक्केवारी निरर्थक होते. अशा वेळी निकष कमी करावेत किंवा दोन आगमनगट एकत्र करावेत.

दुसऱ्या पिढीची तुलना अद्याप करता येत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नेपाळी मुले बहुतांश शाळेत किंवा त्याहूनही लहान आहेत. त्यांतील मोठा गट नोकरीच्या वयात येईल तो २०३६ च्या जनगणनेच्या सुमारास.