जहाजातून येतो तो हायड्रोजन की अमोनिया?

हरित, म्हणजे नवीकरणीय विजेने बनवलेल्या, हायड्रोजनच्या आयातीचा करार झाल्याची बातमी वाचली की हायड्रोजनने भरलेले जहाज डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात मात्र अशा बहुतेक करारांमधून बंदरावर उतरणार असतो तो अमोनिया, म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे संयुग. अशा आयातीसाठीच्या जर्मनीच्या 'एचटू ग्लोबल' योजनेतील पहिल्या लिलावाचा निकाल २०२४ मध्ये लागला, तोही इजिप्तमधून येणाऱ्या अमोनियाचाच होता, आणि त्याचा पोहोच भाव टनाला १,००० युरो ठरला.

दोन्हींची सुरुवात सारखीच आहे. वाऱ्यापासून किंवा सूर्यप्रकाशापासून मिळालेल्या विजेने पाण्याचे विघटन करून, किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज खर्चून, हायड्रोजन मिळवला जातो. वाटा फुटतात त्या यानंतर.

हायड्रोजन द्रवरूपातच न्यायचा तर तो उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो, आणि त्यात किलोमागे आणखी १० ते १३ युनिट, म्हणजे त्याच्यातील ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांश इतकी वीज जाते. शिवाय यात एक खोच आहे. नेहमीच्या तापमानाला हायड्रोजनचे तीन चतुर्थांश रेणू 'ऑर्थो' प्रकारचे (दोन्ही अणुकेंद्रांची फिरकी एकाच दिशेची) असतात; थंडीत ते हळूहळू 'पॅरा' प्रकारात (फिरकी विरुद्ध दिशांची) जातात आणि त्या बदलात निघणारी उष्णता टाकीतील द्रव पुन्हा उकळवायला पुरते, त्यामुळे थंड करत असतानाच उत्प्रेरकाच्या साहाय्याने हा बदल उरकून घ्यावा लागतो. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाहून जपानमधील कोबेला पोहोचलेल्या 'सुइसो फ्रंटियर' या जहाजाची टाकी १,२५० घनमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तरी नव्वद टनांहून कमी हायड्रोजन मावेल एवढीच होती. (तो प्रकल्प तपकिरी कोळशापासून हायड्रोजन काढण्याचा होता, द्रवरूप आहे म्हणजे हरित आहे, असे नव्हे.)

दुसरी वाट हायड्रोजनचा नायट्रोजनशी संयोग करून अमोनिया बनवण्याची; त्याला द्रवरूपात ठेवायला उणे ३३ अंश पुरतात. द्रव अमोनियाच्या एका घनमीटरात सुमारे १२० किलो हायड्रोजन बसतो, द्रव हायड्रोजनच्या घनमीटरात जेमतेम ७१ किलो, आणि खतांच्या व्यापारामुळे अमोनियाची जहाजे व टाक्या आधीपासूनच आहेत. तो विषारी आहे, ही गोष्ट मात्र बंदरालगतच्या वस्तीच्या दृष्टीने किरकोळ नाही.

खरी अडचण उतरवल्यावर येते. अमोनियातून हायड्रोजन परत हवा असेल, तर अमोनिया उत्प्रेरकावर कित्येक शे अंशांना तापवून फोडावा लागतो आणि हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटासाठी उरलासुरला अमोनियाही काढून टाकावा लागतो. म्हणून खत कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे अमोनियाच हवा आहे, तिथे ही आयात मला सरळ हिशेबाची वाटते. फोडण्यासाठीच आणलेल्या अमोनियाचे गणित मात्र अवघड आहे. एका टनात हायड्रोजन असतो सुमारे १७६ किलो, म्हणजे १,००० युरोच्या त्या भावाने तो किलोला साधारण ५.७ युरोंना पडतो, आणि त्यात फोडण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.