बिनहवेच्या टायरला वेग का झेपत नाही?

गाडीचं वजन पेलण्याचं खरं काम टायरमधली हवा करते. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो दाब. १,२०० किलोंच्या गाडीत एका चाकावर ३०० किलो येतात. म्हणून टायर जमिनीला जेमतेम १३५ चौरस सेंटिमीटर टेकतो, तळहाताएवढा. ओझं वाढलं की दोन-चार पीएसआय हवा जास्त भरायची, संपलं.

मिशेलिन या टायर कंपनीने २००५ साली दाखवलेल्या ‘ट्वील’ या बिनहवेच्या टायरमध्ये ही सोय नाही. नक्षीच्या रबराखाली एक पट्टा असतो: दोन न ताणणारे थर, मधे एक लवचीक थर. पट्टा जमिनीवर सपाट होताना मधला थर तिरका सरकतो आणि त्याच्या विरोधातून हवेसारखा एकसमान दाब मिळतो. तो किती, हे त्या थराचा कडकपणा, जाडी आणि चाकाची त्रिज्या यांवर ठरतं. म्हणजे कारखान्यात, एकदाच. पट्टा आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकच्या पातळ आऱ्यांनी जोडलेले असतात. बैलगाडीच्या चाकात ओझं खालच्या आऱ्यांवर येतं. इथे खालचे आरे दुमडतात आणि गाडी वरच्या ताणलेल्या आऱ्यांना टांगलेली राहते.

फायदे उघड आहेत. खिळा शिरला तरी बिघडत नाही, स्टेपनी आणि जॅक बाळगायला नको. मिशेलिनच्या हिशेबाने सुमारे २० टक्के टायर पंक्चर किंवा चुकीच्या हवेमुळे वेळेआधी भंगारात जातात. तो कचराही टळेल.

घोडं अडतं ते वेगापाशी. चाकाचा घेर १.९ मीटर आणि आरे ६० धरा. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १५ फेऱ्या मारतं, म्हणजे जवळपास ९०० वेळा कुठला तरी आरा जमिनीपाशी दुमडतो आणि सुटतो. हा कानाला नीट ऐकू येणारा सूर आहे, आणि तो केबिनमध्ये शिरतो. शिवाय प्रत्येक दुमडीत थोडी ऊर्जा उष्णता बनते. तापलं की पॉलियुरेथेन मऊ पडतं. पहिल्या ट्वीलची थरथर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे त्रासदायक झाली, म्हणून तो गवत कापायच्या यंत्रांवर आणि छोट्या लोडरवर स्थिरावला. तिथे मात्र तो छान चालतो.

मिशेलिनने २०१९ मध्ये जनरल मोटर्सबरोबर जाहीर केलेल्या ‘अप्टिस’ या पुढच्या बिनहवेच्या टायरमध्ये काचतंतू घातलेल्या रेझिनचे आरे आले. प्रवासी गाड्यांसाठी २०२४ चं लक्ष्य होतं, ते हुकलं. सिंगापूरमध्ये डीएचएल या कुरिअर कंपनीच्या व्हॅनवर तो बसवला गेला. शहरातला बेताचा वेग, ठरलेला माल. निवड शहाणपणाची आहे. याउलट समृद्धी महामार्ग घ्या. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर तिथे गाड्यांच्या टायरची तपासणी सुरू झाली. बिनहवेचा टायर तसा फुटणार नाही हे खरं, पण तासन्‌तास ताशी १२० किलोमीटर ही त्याची सर्वांत अवघड परीक्षा.

आता चिखल. उघड्या आऱ्यांच्या फटीत एका बाजूला १०० ग्रॅम चिखल वाळून बसला, तर ताशी १०० किलोमीटरला तो चाकाला दर फेरीत सुमारे २० किलोंचा हिसका देतो. ताशी ४० ला हाच हिसका तीन-साडेतीन किलोंचा, म्हणून शहरात कळतही नाही. स्टिअरिंग थरथरायला लागलं तर बॅलन्सिंगला पैसे घालवण्याआधी पाण्याच्या फवाऱ्याने फटी धुवायच्या. आणि आरा तुटला असेल, तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्यावर इलाज नाही. अख्खं चाकच बदलावं लागतं.