डीसी आणि डीसीसी : तारा तोडण्याची वायरिंग आणि तारा जोडण्याची वायरिंग

मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट मांडायला घेतला की डीसी (डायरेक्ट करंट) आणि डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) या गाड्या चालवण्याच्या दोन पद्धतींच्या नावांचा घोळ हमखास होतो, कारण नावांत एकाच अक्षराचा फरक आहे, दोन्हींत रुळांपर्यंत दोनच तारा जातात आणि दोन्हींची इंजिने वरून अगदी सारखी दिसतात. त्यामुळे डीसीसी म्हणजे डीसीचाच महागडा कंट्रोलर, अशी समजूत करून घेऊन लोक एका पद्धतीची वायरिंग दुसऱ्या पद्धतीच्या डोक्याने करतात आणि मग फळीखाली डोके घालून चूक शोधत बसतात. माझ्या मते फरक कंट्रोलरमध्ये नसून हुकूम कोणी ऐकायचा यात आहे: डीसीत तो रुळाला दिला जातो, डीसीसीत इंजिनाला.

आपल्याकडच्या शेताचे उदाहरण घ्यावे. पाटाच्या पाण्यावर दारे धरणारा माणूस एक वाफा भिजला की दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतो. पाणी ज्या वाफ्यात गेले त्या वाफ्यातले प्रत्येक रोप भिजते, त्यात निवड नसते. डीसी तसे आहे. कंट्रोलर रुळांवरचा दाब शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत कमीजास्त करतो, दाबाप्रमाणे मोटरचा वेग ठरतो आणि धन-ऋण उलटवले की दिशा बदलते. एकाच तुकड्यावर दोन इंजिने उभी असतील तर दोन्ही एकाच वेळी सुटतात. डीसीसीत मात्र पाइपलाइन कायम भरलेली असते आणि प्रत्येक इंजिनाजवळ स्वतःचा नळ असतो. एचओ (मूळ रेल्वेच्या १:८७) मापाच्या लेआउटवर रुळांत सतत साधारण १४ ते १६ व्होल्टचा, क्षणाक्षणाला धन-ऋण बदलणारा चौकोनी तरंगाचा प्रवाह वाहतो आणि त्याच तरंगाच्या लांबी-आखूडपणातून संदेश जातो: अर्धा तरंग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर एक, १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर शून्य. इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा उचलतो. नवा डीकोडर बहुधा ३ या क्रमांकावर येतो. ही पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेली असून अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिला प्रमाणित रूप दिले, म्हणून एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे रुळांत हे संदेश सोडणाऱ्या पेटीवर, चालतो.

याचा वायरिंगवर काय परिणाम होतो, ते दोन गाड्यांच्या क्रॉसिंगच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मनमाड–परभणी या वर्षानुवर्षे एकेरी राहिलेल्या मार्गावर ज्याने पॅसेंजरने प्रवास केला आहे, त्याला एखाद्या लहान स्टेशनच्या लूप लाइनवर समोरच्या एक्स्प्रेसची वाट पाहत काढलेला अर्धा तास समजावून सांगावा लागत नाही. नवशिक्याच्या लेआउटसाठी हाच प्रसंग उत्तम, कारण त्याला दोन सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ), एक मुख्य मार्ग आणि एक लूप एवढेच लागते.

डीसीत हा प्रसंग घडवायचा तर रूळ तोडावे लागतात. डावीकडचा एकेरी मार्ग, मुख्य मार्ग, लूप आणि उजवीकडचा एकेरी मार्ग असे चार ब्लॉक करायचे. दोन रुळांपैकी एक सलग ठेवून त्याला सामाईक परतीची तार द्यायची आणि दुसऱ्या रुळात प्रत्येक ब्लॉकच्या हद्दीवर धातूच्या जोडपट्टीऐवजी प्लास्टिकची जोडपट्टी बसवायची. प्रत्येक ब्लॉकची तार आपापल्या टॉगल स्विचमधून जाते. पॅसेंजर लूपमध्ये आली की लूपचा स्विच बंद करायचा आणि एक्स्प्रेस मुख्य मार्गाने काढायची. दोन माणसांना दोन गाड्या स्वतंत्र चालवायच्या असतील तर प्रत्येक ब्लॉकला मधोमध बंद राहणारा दुहेरी टॉगल लागतो: वर केला की पहिला कंट्रोलर, खाली केला की दुसरा. येथे एक अट विसरली जाते. सामाईक परतीची तार वापरायची असेल तर दोन्ही कंट्रोलरचा वीजपुरवठा एकमेकांपासून पूर्ण वेगळा हवा, नाहीतर विरुद्ध दिशांच्या गाड्या चालवताच शॉर्ट होते.

डीसीसीत हेच स्टेशन एकही ब्लॉक न करता चालते, पॅसेंजरच्या डब्यांतले दिवे थांबल्यावरही जळत राहतात आणि एक्स्प्रेस शेजारून निघून जाते. म्हणून विक्रेते सांगतात की डीसीसीला दोनच तारा लागतात. हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. मॉडेलचे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात, तो मिश्रधातू तांब्याइतका चांगला वाहक नाही, आणि रुळांच्या जोडपट्ट्या धूळ व गंज यांनी सैल पडतात. डीसीत दाब थोडा घटला तर गाडी मंदावते आणि आपण बटण थोडे पुढे फिरवतो. डीसीसीत संपर्क तुटला की डीकोडरच बंद पडतो, आवाज थांबतो, दिवा विझतो. त्यामुळे फळीखालून दोन जाड तारांची बस, म्हणजे मुख्य पुरवठ्याची जोडी, न्यायची आणि सुमारे दर मीटरला दोन्ही रुळांना बारीक फीडर तारा डाख द्यायच्या. घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बससाठी पुरते. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येताना ३ अँपिअरवर तिच्यात साधारण ०.३५ व्होल्ट खर्च होतात, तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्टहून अधिक. फीडरला मात्र ही बारीक तार चालते, कारण तिची लांबी वीतभरच असते. रंगाची शिस्त पाळावी: लाल तार मागच्या रुळाला, काळी पुढच्या रुळाला. वीस फीडरांपैकी एक उलटा लागला तरी सगळा लेआउट बंद.

थोडक्यात, डीसीत कौशल्य कोठे तोडावे याचे आहे आणि डीसीसीत कोठे जोडावे याचे.

तोडण्याविषयी आपल्या हवामानातला एक मुद्दा परदेशी पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. परभणीत थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३० अंशांहून जास्त फरक पडतो, आणि एक मीटर रूळ ३० अंशांच्या वाढीने साधारण अर्धा मिलिमीटर लांबतो. डिसेंबरात बारीक करवतीने पाडलेली फट एप्रिलमध्ये गुपचूप मिटते आणि बंद केलेल्या ब्लॉकमधले इंजिन आपोआप चालू लागते. मी स्वतः आठवडाभर स्विच बदलत बसलो होतो. दोष फटीचा होता. फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात घासून घेतला की हा प्रश्न मिटतो.

तोडण्या-जोडण्याचा हाच फरक सांध्यांतही दिसतो. काही सांधे ज्या बाजूला वळवले असतील त्याच मार्गाला वीज देतात. डीसीत ही सोय आहे, कारण सायडिंगमधले इंजिन वेगळ्या स्विचविना थांबते. डीसीसीत मात्र तीच अडचण होते, म्हणून सांध्यापुढच्या दोन्ही मार्गांना स्वतंत्र फीडर द्यावेत, आणि मध्यभागी धातूचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) असेल तर त्याची सलग जोडणी आधी तोडावी. रिव्हर्स लूपमध्ये, म्हणजे गाडी वळसा घालून त्याच मार्गावर परत येते तेथे, दोन्ही पद्धतींत शॉर्ट होते आणि दोन्हींत लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडावेच लागतात. फरक पुढे आहे: डीसीत गाडी लूपमध्ये थांबवून हाताने स्विच उलटवावा लागतो, डीसीसीत ऑटो रिव्हर्सर चालत्या गाडीखाली धन-ऋण बदलतो आणि इंजिनाला पत्ताही लागत नाही, कारण त्याची दिशा रुळांच्या धन-ऋणावर ठरतच नाही.

कोणती पद्धत घ्यावी? एका फळीवरचा गोल, एक सायडिंग आणि एक-दोन इंजिने असतील तर मी डीसीच सुचवीन. प्रत्येक इंजिनाला डीकोडरचा खर्च तेव्हा परवडत नाही. तिसरे इंजिन आणि दुसरा चालवणारा आला की डीसीसी. पुढे तिकडे जाण्याचा विचार असेल तर डीसीसाठीही बस आणि फीडर आजच घालावेत. मग बदलाच्या दिवशी सगळे ब्लॉक चालू ठेवून डीसीचे कंट्रोलर पूर्णपणे काढून टाकले की काम भागते. दोन्ही एकाच वेळी जोडलेले ठेवू नयेत. हद्दीवरच्या फटीवरून एक चाक गेले तरी कंट्रोलर जळू शकतो. डीकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळांवर उभे करू नये, ते जागीच गुणगुणते आणि मोटर तापते. उलट, डीकोडर असलेली पुष्कळ इंजिने डीसीवर चालतात, फक्त उशिरा सुटतात.

तपासणीही वेगळी असते. मल्टिमीटर डीसीच्या खुणेवर ठेवून डीसीसीचे रूळ मोजले तर काटा जवळजवळ शून्य दाखवतो आणि वीजच नाही असे वाटते. एसीच्या खुणेवर अंदाजे आकडा मिळतो. डीसीसीच्या कमांड स्टेशनमधून ३ ते ५ अँपिअर येत असल्याने शॉर्टमध्ये प्लास्टिक वितळू शकते, म्हणून गाडी ठेवण्यापूर्वी दर मीटरला रुळांवर रुपयाचे नाणे आडवे टेकवावे. ब्रेकर लगेच पडला तर त्या जागेची वायरिंग योग्य. पडला नाही तर तेथे आणखी एक फीडर हवा.