बाळ रडेपर्यंतचं एक मिनिट

जन्मलेल्या १०० बाळांपैकी साधारण ८५ बाळं अर्ध्या मिनिटाच्या आत आपली आपण श्वास घेऊ लागतात. आणखी दहाएक बाळांना कोरडं पुसावं लागतं, पाठ चोळावी लागते. उरलेल्या चार-पाच बाळांच्या नाकातोंडावर मास्क बसवून अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, हवा द्यावी लागते. छाती दाबण्याची किंवा औषधाची वेळ शंभरात एखाद्यावरही येत नाही.

म्हणजे जीव वाचवणारं कौशल्य तसं साधंच आहे. अडचण अशी की ते क्वचित लागतं, आणि लागतं तेव्हा पहिल्या मिनिटातच लागतं. ज्या आरोग्य केंद्रात महिन्याला २० बाळंतपणं होतात, तिथे मास्क हातात घ्यायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी येणार. ती कुठल्या सिस्टरच्या पाळीत येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. नुसत्या अनुभवावर विसंबलं तर एखादीला वर्षभर संधीच मिळणार नाही. आणि खऱ्या बाळावर शिकत बसणं तर कुणालाच पटणार नाही.

म्हणून बाहुली. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये अँजेलिक द्यु कूद्रे या सुईणीने अठराव्या शतकात कापड, चामडं आणि भराव वापरून बाईच्या कमरेखालचा भाग व बाळ तयार केलं. १७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने तिला खेडोपाडी शिकवायला पाठवलं, आणि पुढची जवळजवळ २५ वर्षं ती हजारो बायकांना या ‘यंत्रा’वर बाळंतपण शिकवत हिंडली. त्यातलं एक रुआँच्या संग्रहालयात आजही आहे. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतले खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रिससी ॲन’ ही बाहुली काढली. त्यांच्याच कंपनीची ‘निओनॅटली’ ही नवजात बाळाची बाहुली २०१० नंतर गरीब देशांतल्या लेबर रूममध्ये पोचली. तिच्यात पाणी भरलं की हातात खऱ्या बाळाएवढं वजन येतं. नळीला जोडलेला फुगा दाबला की नाळेत ठोके लागतात, छाती हलते, रडणंही ऐकू येतं. मास्क नीट बसला नाही, किंवा मान फार मागे वळली वा पुढे झुकली, तर छाती वर येत नाही. पुस्तकातलं चित्र पाहून हे हाताला कळत नाही. बाहुलीवर ते दोन मिनिटांत कळतं.

पण शिकलेलं हातात राहतं का, हा खरा प्रश्न. त्याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला उत्तर तांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात दिसतं. २०१० मध्ये तिथल्या सुईणींना या बाहुलीवर एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यानंतर बाहुलीवरची त्यांची कामगिरी चांगलीच सुधारली. लेबर रूममध्ये प्रत्येक बाळंतपणाची नोंद घेणारी माणसं बसवलेली होती, आणि त्यांच्या नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच फरक पडला नव्हता. परीक्षेत उत्तीर्ण झालेले हात प्रत्यक्षात पहिल्यासारखेच चालत होते.

संशोधकांनी हा निकाल लपवला नाही, छापला. मग २०११ पासून पद्धत बदलली. प्रशिक्षणाच्या खोलीत जायचं नाही, लेबर रूममध्येच आठवड्याला तीन ते पाच मिनिटं बाहुलीवर सराव करायचा आणि महिन्यातून एकदा ४० मिनिटांची उजळणी. पुसून-चोळून जागं केलेल्या बाळांचं प्रमाण वाढलं, बॅगची गरज पडलेली बाळं कमी झाली. पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय बाहुलीला देता येणार नाही. तरी एकाच रुग्णालयात, त्याच बाहुलीने, एकदा काही न बदलणं आणि एकदा एवढं बदलणं, यात मला फार मोठा धडा दिसतो.

आपल्या जवळचं उदाहरण बेळगावचं. तिथे ग्रामीण आरोग्य केंद्रांपासून शहरी रुग्णालयांपर्यंत हेच प्रशिक्षण दिलं गेलं, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. त्यातही ‘ताजे’, म्हणजे प्रसूतीच्या सुमारास दगावल्याची नोंद झालेले, १.७ वरून ०.९ टक्क्यांवर आले. हे वाचून अंगावर काटा येतो. कारण आधी मृत म्हणून नोंदलेली काही बाळं मेलेली नसून फक्त श्वास न घेणारी असणार, असाच याचा अर्थ लागतो. महिन्याभरातले मृत्यू मात्र घटले नाहीत. कमी वजन आणि जंतुसंसर्ग यांच्यापुढे पहिल्या मिनिटाचं कौशल्य पुरत नाही.

भारतात २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं. वैद्यकीय महाविद्यालयांत स्किल लॅब, म्हणजे हातांच्या सरावाची खोली, बंधनकारक आहे, नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवर वा खोट्या प्रसंगात सराव, आलं आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबणं शिकलेल्यांचं कौशल्यही तीन ते सहा महिन्यांत उतरू लागतं, हे वारंवार दिसलं आहे. प्रमाणपत्राच्या तारखेपेक्षा मागचा सराव कधी झाला, हे विचारायला हवं.

आणि सराव जिथे काम होतं तिथेच व्हावा, असं माझं ठाम मत आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे. लॅबमध्ये सामान मांडून ठेवलेलं असतं. लेबर रूममध्ये रात्री दहा वाजता अचानक बाहुली टेबलावर ठेवून ‘बाळ रडलं नाही’ म्हटलं की कळतं, लहान मापाचा मास्क कपाटात आहे आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे आहे. बॅगचा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय. डॉक्टरांना कोणी फोन करायचा, हे ठरलेलंच नाही. ज्युनिअर सिस्टरला मास्कमधून हवा गळताना दिसतेय, पण सरांना सांगायचं कसं म्हणून ती गप्प आहे. यानंतरची दहा मिनिटांची चर्चा सरावाइतकीच महत्त्वाची. तीत कोणाला फैलावर घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर ती गप्प राहिलेली सिस्टर बोलते, आणि दुसऱ्या दिवशी मास्क टेबलावरच्या ट्रेमध्ये येतो.