धावत्या रेल्वेगाडीतील बिनतारी दृश्य-निगराणी

धावत्या गाडीच्या डब्यांतील कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण रेडिओलहरींद्वारे नियंत्रण कक्षाकडे पोहोचविणारी सुरक्षा-व्यवस्था. डब्यातील कॅमेरे सहसा तारेनेच जोडलेले असतात. बिनतारी असतो तो गाडी आणि जमीन यांमधील दुवा, आणि व्यवस्थेची खरी कसोटी तेथेच लागते.

एच.२६४ पद्धतीने आकुंचित केलेल्या फुल एचडी चित्रणाला सेकंदाला साधारण २ ते ४ मेगाबिट लागतात. आठ डब्यांत प्रत्येकी चार कॅमेरे धरले, तर हा प्रवाह सेकंदाला किमान ६४ मेगाबिटांवर जातो. संभाषण आणि गाडी-नियंत्रण यांसाठी आखलेल्या जीएसएम-आर या रेल्वेच्या रेडिओ-यंत्रणेला एवढा भार पेलत नाही. त्यामुळे एलटीई (४जी), ५जी किंवा रुळांलगतच्या वाय-फाय केंद्रांचा आधार घेतला जातो.

ताशी १२० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापते. केंद्रे ३०० मीटरांवर असतील, तर दर नऊ सेकंदांनी जोडणी बदलावी लागते. आकुंचित चित्रणात बहुतेक चौकटींमध्ये (फ्रेममध्ये) केवळ आधीच्या चौकटीपासून झालेला बदल साठवलेला असल्याने, या अदलाबदलीत थोडी माहिती गळाली तरी प्रवाशाच्या चेहऱ्याचे चौकोनी ठिपके होतात आणि पुढील पूर्ण चौकट येईपर्यंत ते तसेच राहतात. म्हणून गाडीच्या दोन्ही टोकांना छतावर अँटेना बसवतात: पुढचा नवे केंद्र पकडेपर्यंत मागचा जुने सोडत नाही. धातूचा सांगाडा आणि लेपन केलेल्या काचा लहरी अडवतात, हेही अँटेना बाहेर बसवण्याचे एक कारण. बोगद्यात मात्र लहरी ठरावीक अंतरांवर बाहेर पाझरू देणारी केबल भिंतीलगत टाकली जाते.

सर्व चित्रण सतत पाठविणे अनेकदा परवडत नाही. ते गाडीतील रेकॉर्डरमध्ये साठवून आगारात उतरवून घेतात, आणि आपत्कालीन बटण दाबले गेल्यास तेवढ्याच डब्याचे दृश्य तत्काळ कक्षात दिसते. हा दुसरा भागच या व्यवस्थेचा प्राण मानला पाहिजे. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी झालेल्या स्फोटांनंतर स्थानकांवरील चित्रणावरून हल्लेखोरांचा माग लागला, परंतु साठवलेले चित्रण घटना घडून गेल्यावर तपासालाच उपयोगी पडते. रात्रीच्या रिकाम्या डब्यात बटण दाबणाऱ्या प्रवाशाला त्याच क्षणी पाहणारे आणि पुढील स्थानकावर मदत उभी करणारे कोणीतरी हवे असते.

हवेतून जाणारे चित्रण वाटेत कोणी पाहू नये म्हणून ते सांकेतिक रूपात पाठवतात, आणि साठवलेले चित्रण कोणी, केव्हा उघडले याची नोंद ठेवतात.