विमेन्स इन्स्टिट्यूटचे माहेर इंग्लंड नव्हे

ग्रामीण स्त्रियांची ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही संघटना इंग्लंडच्या खेड्यांत जन्मली आणि जॅम करण्यासाठीच निघाली, असा समज वर्षानुवर्षे रूढ आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिली शाखा १९ फेब्रुवारी १८९७ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, स्टोनी क्रीक येथे स्थापन झाली. गृहविज्ञान शिक्षणाच्या पुरस्कर्त्या ॲडलेड हूडलेस यांचे भाषण ऐकायला त्या रात्री १०१ स्त्रिया जमल्या होत्या. पुरुष एकच, तो म्हणजे सभा घडवून आणणारे शेतकरी अर्लंड ली. संघटनेच्या घटनेचा मसुदा त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर तयार झाला आणि तो पत्नी जॅनेट यांनी लिहून काढला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. गोठ्यातल्या जनावरांची निगा शास्त्रशुद्ध असावी, तर घरातल्या मुलांची का नको, असा हूडलेस यांचा रोख होता.

ब्रिटनमधील पहिली शाखा त्यानंतर १८ वर्षांनी, १९१५ मध्ये निघाली, आणि तीही वेल्समधील अँगलसी बेटावर, कॅनडाहून आलेल्या मॅज वॉट यांच्या प्रयत्नांतून. जॅमची ख्याती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातली: १९४० मध्ये फळे वाया जाऊ नयेत म्हणून सरकारने या स्त्रियांना साखर पुरवली होती.