‘आपला उवे’: विश्वचषक न जिंकलेल्या झेलरची लोकप्रियता

जर्मन फुटबॉलमध्ये फ्रान्झ बेकेनबाउर ‘कैसर’ म्हणजे सम्राट, तर गेर्ड म्युलर ‘बॉम्बर’ म्हणून ओळखला गेला. उवे झेलरला मात्र लोकांनी ‘उन्स उवे’, म्हणजे उत्तर जर्मनीच्या बोलीत ‘आपला उवे’, असे घरगुती नाव दिले. बेकेनबाउर आणि म्युलर यांनी 1974 चा विश्वचषक जिंकला. झेलरच्या वाट्याला तो कधीच आला नाही, कारण जर्मनीच्या 1954 च्या विश्वचषक विजयानंतर काही महिन्यांनी तो राष्ट्रीय संघात आला आणि 1974 पूर्वीच निवृत्त झाला. तरीही जिव्हाळ्याच्या बाबतीत तो या दोघांच्या तसूभरही मागे नव्हता.

या जिव्हाळ्याचे मूळ 1961 मध्ये सापडते. तेव्हा बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतील अव्वल फुटबॉल लीग, सुरू झालेली नव्हती, खेळाडूंच्या मानधनावर मर्यादा होती आणि बहुतेकांना पोटापाण्यासाठी दुसरे काम करावे लागे. अशा काळात इटलीतील इंटर मिलान क्लबचे प्रशिक्षक एलेनियो एरेरा झेलरला नेण्यासाठी स्वतः हॅम्बुर्गला आले. देऊ केलेली रक्कम दहा लाख मार्कांच्या आसपास होती, असे सांगितले जाते. गोदी कामगाराच्या या मुलाने ती नाकारली, आदिदासच्या प्रतिनिधीची नोकरी पत्करली आणि तो हॅम्बुर्गर एसव्ही या आपल्याच क्लबात राहिला. माझ्या मते त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा या एका नकाराने त्याला लोकांच्या अधिक जवळ नेले. युद्धानंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या त्या शहराला, मोठ्या पैशासाठीही आपल्याला न सोडणारा माणूस त्याच्या रूपाने मिळाला होता.

खेळातही तो कुठे कमी नव्हता. 1960 मध्ये जर्मनीतील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो त्यालाच. बुंडेसलीगाच्या पहिल्या हंगामात, 1963-64 मध्ये, 30 गोल करून तो अव्वल ठरला. 1965 मध्ये त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला, तेव्हा कारकीर्द संपल्यातच जमा होती. पण त्याच वर्षी त्याने स्टॉकहोममध्ये स्वीडनविरुद्ध विजयी गोल केला.

1966 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्यावर लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरून खाली मान घालून जाणाऱ्या कर्णधार झेलरचे छायाचित्र जर्मनीत घरोघरी पोहोचले. चार वर्षांनी मेक्सिकोतील विश्वचषकात प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी त्याला आणि म्युलरला एकाच खोलीत ठेवले, आणि दोघांत चढाओढ होईल ही भीती फोल ठरली. लिओन येथे इंग्लंडविरुद्ध संघ 1-2 असा पिछाडीवर असताना झेलरने गोलकडे पाठ असतानाच डोक्याच्या मागच्या बाजूने चेंडू उंच उडवला. तो गोलरक्षकावरून जाळ्यात गेला. जादा वेळेत म्युलरने विजयी गोल केला. या स्पर्धेअखेर झेलरच्या नावावर चार विश्वचषकांत गोल करण्याचा विक्रम होता, आणि त्यात त्याच्या जोडीला एकटा पेले होता.

हॅम्बुर्गने 2003 मध्ये त्याला मानद नागरिक केले आणि 2005 मध्ये स्टेडियमसमोर त्याच्या उजव्या पावलाचे काही टन वजनाचे कांस्यशिल्प उभे राहिले. 2022 मध्ये त्याच्या निधनानंतर चाहत्यांनी आपली फुले याच पावलाशी आणून ठेवली.